घरीच तर असते

आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. त्यातल्या नऊ घरांच्या जादा किल्ल्या पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारामागे एका फळीवर ओळीने टांगलेल्या असायच्या. माझं घर सात नंबरचं. माझ्या किल्लीला मी लाल दोरा बांधून दिला होता, म्हणजे वहिनींना शोधत बसायला नको. केवढी मी विचारी बाई, असं तेव्हा मला माझ्याबद्दल वाटायचं. पोरं त्यांना किल्लीवहिनी म्हणायची आणि त्या हसून ओ द्यायच्या.

किल्ल्या त्यांच्याचकडे का, तर त्या घरीच तर असतात. गॅसची टाकी आली, वहिनींकडे ठेव. मीटर बघायला माणूस येणार आहे, वहिनींना सांगून ठेव. पार्सल, शाळेतून लवकर सुटलेलं पोर, पाण्याच्या मोटारीचं बटण, सगळं वहिनींच्या दारात. मी विमा कंपनीच्या कचेरीत एकवीस वर्षं नोकरी करते. नोकरी करणाऱ्या बाईला घर आणि कचेरी दोन्ही कसं ओढावं लागतं, हा विषय कुणी काढला की मी तासभर बोलू शकते, आणि बोलतेही. माझी टाकी कोण उतरवून घेतं, हे त्या तासाभरात एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही.

वहिनी घरीच असायच्या हे खरं, पण रिकाम्या नव्हत्या. त्या पुस्तकं बांधायच्या. लग्नाआधी एका छापखान्यात होत्या, तिथल्या म्हाताऱ्या बाइंडरने त्यांना सगळं काम हाताला लावून शिकवलं होतं. पुढे तो छापखाना बंद पडला, तेव्हा पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस भंगारात चालली होती. वहिनींनी ती घरी आणली. डोक्यावर भलंमोठं चाक असलेलं ते धूड स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात बसवलेलं होतं. अंघोळीला जाणारा माणूस तिथून आडवा होऊन जायचा आणि जाताना न चुकता काहीतरी बोलायचा.

बाकीचं काम जेवणाच्या टेबलावर. जुनं पुस्तक आलं की त्याचे टाके उसवायचे, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावायचा, मग फर्मे क्रमाने एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायचे. पाठीला खळ, पट्टी, पुठ्ठा, कापड, आणि शेवटी रात्रभर प्रेसखाली. त्यांची शिवण अशी बसायची की पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं तर हात न लावता उघडंच राहायचं. पण दिवसातून तीनदा ते टेबल मोकळं करून द्यावं लागायचं, कारण ते जेवणाचं होतं. खळीवर ओलं फडकं टाकायचं, फर्म्यांचा गठ्ठा फ्रिजवर, सुया डब्यात, ताटं टेबलावर. ताटं उचलली की सगळं परत उलट. आपलं काम उरलेल्या जागेत आणि उरलेल्या वेळात बसवायची त्यांना इतकी सवय झाली होती की ते काम कुणाला दिसायचंच नाही.

घरात माणसं तीन. वहिनी, त्यांचे यजमान आणि सासरे. मुलगी परगावी शिकायला. यजमान पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर, सज्जन माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण कारखान्यातून दिवसातून चार-पाच वेळा फोन करायचे. घरीच आहेस ना, मग जरा बँकेचं ते पत्र आलंय का बघ, जरा माझा राखाडी शर्ट इस्त्रीला दे, जरा प्लंबरला फोन कर. प्रत्येक कामाआधी ‘जरा’ लावलं की ते काम राहत नाही, असा त्यांचा समज असावा.

सासरे तर अव्वल. एका गिरणीत टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहिण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यापासून दारासमोरच्या खुर्चीत बसायचे. खुर्चीपासून दार चार पावलांवर, मी मोजली आहेत. बेल वाजली की ते वर्तमानपत्र खाली घ्यायचे आणि आतल्या दिशेने सांगायचे, “अगं, बेल वाजतेय.” मग वहिनी हात पुसत आतून यायच्या, त्यांना ओलांडून दार उघडायच्या. यात काही गमतीशीर आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

तर अशात त्यांना वाचनालयाचं काम चालून आलं. मोठं, जुनं वाचनालय. चारशे ग्रंथ खिळखिळे झालेले, सगळे नव्याने बांधायचे. असं काम म्हणजे तीन वर्षांची निश्चिंती, आणि पुढे इतर वाचनालयंही दार ठोठावणार. ग्रंथपाल बाई कडक. त्यांनी आधी बारा पुस्तकं नमुन्याला दिली. ही नीट झाली तर सगळी तुमची, म्हणाल्या. वहिनींनी मला ही बातमी जिन्यात सांगितली. त्यांचा चेहरा मी तसा फुललेला पूर्वी पाहिला नव्हता. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि त्याच दमात सांगितलं की गुरुवारी माझं एक पार्सल येईल, तेवढं घेऊन ठेवा.

बारा पुस्तकं पोचती झाली. आठ दिवसांनी बोलावणं आलं. ग्रंथपाल बाईंनी त्यातलं एक पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि उघडलं. चौसष्टावं पान झाल्यावर एक्याऐंशीवं होतं. शहाण्णवपर्यंत गेलं की मग पासष्ट. एक आख्खा फर्मा मागेपुढे शिवला गेला होता.

बाइंडरच्या हातून याहून लाजिरवाणी चूक होत नाही. कापड मळलं तर पुसता येतं, पुठ्ठा वाकडा बसला तर बदलता येतो. पण पानांचा क्रमच चुकला तर ते पुस्तकच राहत नाही. वहिनींनी तेवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ग्रंथपाल बाई त्यातल्या त्यात मऊपणाने म्हणाल्या की घर सांभाळून करता, होतं असं, पण मग आम्हाला कारखाना असलेला माणूस बघावा लागेल. त्यांनी वहिनींना एक सबब आयती हातात दिली होती. वहिनींनी ती घेतली नाही. चूक माझी आहे, हे पुस्तक परत बांधून देते आणि तुम्ही सांगाल तेवढी आणखी बांधून दाखवते, त्यात एक पान हललं तर काम दुसऱ्याला द्या, म्हणाल्या. बाईंनी विचार केला आणि चाळीस पुस्तकं दिली. मुदत एक महिना.

घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर पुठ्ठ्याचा एक रुंद तुकडा घेतला, प्रेसला टेकवून ठेवला आणि दोरीने त्याला पेन्सिल बांधली. कामावरून उठावं लागलं की एक रेघ. पुढे लिहायचं, कुणासाठी. यजमानांसाठी ‘हे’, सासऱ्यांसाठी ‘बाबा’, शेजाऱ्यांसाठी घराचा नंबर. आठवडाभर हे चाललं. घरातल्यांना वाटलं, बांधणीचंच काही मोजमाप असेल. त्या बोळातून दिवसात दहादा आडवं होऊन जाणाऱ्या यजमानांनीही त्या पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात त्यांनी जागा पाहिली. गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागे टायर ठेवायची एक खोली रिकामी पडून होती. एक खिडकी, एक दिवा, सिमेंटची जमीन, भिंतींना रबराचा वास. दाराला बेल नव्हती. मला नंतर त्यांनी सांगितलं की दाराच्या चौकटीवरून हात फिरवून बेल नाही याची खात्री केली आणि तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी घरात विषय काढला. प्रेस हलवणार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी तिकडे. यजमान चकितच झाले. घरात काय कमी आहे, त्यांनी विचारलं. टेबल आहे, पंखा आहे, वर घराकडेही लक्ष राहतं. बाबांच्या डोळ्यांत चार वाजता औषध कोण घालणार? टाकीवाला आला तर? तू घरी असतेस म्हणून तर सगळं सुरळीत चाललंय. हे ते तक्रारीने बोलत नव्हते, कौतुकाने बोलत होते. बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की आपण बायकोची स्तुती करतोय.

वहिनींनी तो पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला. यजमानांनी चष्मा लावला. रेघांचं दाट रान माजलं होतं नुसतं.

“हे ‘हे’ म्हणजे कोण?”

“तुम्ही.”

त्यांनी मोजल्या. एकतीस भरल्या. फोनसुद्धा धरलेस की काय, त्यांनी विचारलं, आणि वहिनी म्हणाल्या की फोन घ्यायला हात धुवावे लागतात. तेवढ्यात सासऱ्यांनी पुठ्ठा ओढून घेतला. नोंदी म्हटल्यावर त्यांना राहवेना. बोट ठेवून ओळी तपासल्या, सुट्टीचा दिवस वेगळा दाखवलेला नाही अशी चूकही काढली. मग ‘बाबा’ या रकान्याशी बोट थांबलं. तिथे अठ्ठेचाळीस रेघा होत्या. इमारतीच्या वेगळ्या, त्याही सगळ्या त्यांच्या खुर्चीसमोरच्या दारातून आलेल्या.

“मी काय करू मग?” ते चिडून म्हणाले. “मी म्हातारा माणूस, घरी बसलेला.”

“तेच म्हणतेय बाबा,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “तुम्हीपण घरीच असता.”

सासरे दोन दिवस जेवायला टेबलावर आले नाहीत, ताट खुर्चीत मागून घेतलं. यजमान एवढंच म्हणाले की तू ठरवलंच आहेस तर मी कोण अडवणारा, पण मला हे पटलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, नको पटू दे. रागाने नाही. पटवायला वेळच नव्हता त्यांच्याकडे, महिन्यातले नऊ दिवस गेले होते आणि चाळीसपैकी चारच पुस्तकं झाली होती.

त्याच रविवारी संध्याकाळी त्या किल्ल्या परत करायला निघाल्या. फळीवरच्या नऊच्या नऊ किल्ल्या एका डब्यात घालून घरोघर. माझ्या दारात आल्या, लाल दोऱ्याची किल्ली पुढे केली. मी टीव्ही बघत होते. मला कळेचना.

“काय चुकलं का हो वहिनी माझं?” मी विचारलं.

“तुमचं कशाला चुकेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या पुस्तकाची पानं चुकली, ताई. उद्यापासून मी कामावर जाते.”

खरं सांगते, मला राग आला. चांगलाच आला. मी म्हटलं, बघा, आता बाईला शिंगं फुटली. दुसऱ्या दिवशी कचेरीत डबा खाताना सगळ्यांना सांगितलं की हल्ली माणुसकीच राहिली नाही, शेजारी साधी किल्ली ठेवून घेत नाहीत. सगळ्या नोकरी करणाऱ्या बायका, सगळ्यांनी मान हलवली. प्रत्येकीच्या इमारतीत कुणीतरी घरीच असणारी होती, हे आता माझ्या लक्षात येतं. त्या आठवड्यात माझी टाकी परत गेली, आणि त्याचंही खापर मी वहिनींवरच फोडलं.

प्रेस हलवायच्या सकाळी चार हमाल आले. सगळी इमारत जिन्यात आणि गॅलरीत, जणू काही चोर पकडलाय. यजमान रजा न घेता फक्त उशिरा जाणार होते, हाताची घडी घालून दारात उभे. दोरखंड बांधून हमालांनी ते धूड बोळातून काढलं, दारातून काढलं आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं. वरचं चाक एका बाजूला कठड्याला टेकलं, दुसऱ्या बाजूला भिंतीला. पुढे जाईना, मागे येईना. भिंतीचा पोपडा निघाला तशी खालच्या घरातली बाई ओरडली. हमालांचा मुकादम घाम पुसत म्हणाला की बाई, हे उतरायचं नाही, त्यापेक्षा वर सातच पायऱ्या आहेत, परत घरात ठेवतो. यजमानही म्हणाले, मी सांगत होतो. आणि खोटं कशाला बोलू, वरच्या कठड्यावरून बघताना मलाही बरं वाटलं. चला, म्हटलं, गेलेली किल्ली परत जागेवर जाणार.

वहिनी प्रेसच्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी एकदा वर सगळ्यांकडे पाहिलं.

“वर नाही जाणार ती,” त्या म्हणाल्या. मग यजमानांकडे वळून, “अहो, स्वयंपाकघरातून मोठा पाना आणा. चाक काढते.”

यजमान आत गेले. पाना कुठल्या डब्यात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. आतून एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. मधेच त्यांनी ओरडून विचारलं की वरच्या फळीवर की खालच्या, आणि वहिनींनी जिन्यातून ओरडून सांगितलं. दहा मिनिटं चार हमाल ते लोखंड पोटाशी धरून उभे, आणि एका पंप कारखान्याचा सुपरवायझर स्वतःच्या घरात पाना शोधतोय. शेवटी सापडला. वहिनींनी स्वतः जोर लावून मधला नट सैल केला, चाक सुटलं, आणि उरलेली प्रेस वळणातून सरळ खाली गेली. चाक यजमानांनी उचललं. कुणी सांगितलं नव्हतं, पण खाली कुणीतरी ते न्यायला हवंच होतं. ते गल्लीतून छातीशी धरून गेले आणि तिथून तसेच कारखान्यात.

आता वाचनालयाचं काम मिळालं की नाही ते सांगूनच टाकते, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. मिळालं. चारशेच्या चारशे मिळाली. पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं आहे.

त्या दिवशी मी कचेरीतून अर्ध्या दिवसाने आले आणि दारात लक्षात आलं की किल्ली आतच राहिली. पाय आपोआप पहिल्या मजल्याकडे वळले. बेल वाजवली. आतून “अगं” ऐकू यायची मी वाट बघत होते, तर दार उघडलं आणि समोर वहिनींचे सासरे. एक डोळा लाल, गालावर औषधाचा ओघळ. स्वतःच्या हाताने थेंब घालायला शिकत होते आणि निम्मी बाटली गालालाच लागत होती. मी विचारलं, वहिनी आहेत का घरी.

“ती घरी नसते,” त्यांनी मला असं सांगितलं, जणू हे मला आतापर्यंत माहीत असायला हवं होतं. “कामावर असते. सहाला सुटते.”

आणि मग त्यांनी एक वही पुढे केली. आलेल्याचं नाव, वेळ, काम. इमारतीची पार्सलं आता ते घेत होते, पण अकरा ते एक याच वेळात, आणि सही केल्याशिवाय देत नव्हते. सगळी इमारत या वहीवर वैतागलेली होती. मी निमूटपणे सही केली. त्यांनी घड्याळात बघून वेळ तपासली आणि माझी दोन मिनिटं दुरुस्त केली.

घर काही पुरतं बदललं होतं असं समजू नका. सकाळचा स्वयंपाक अजून वहिनीच करून जात होत्या, यजमानांचा शर्ट अजून त्याच इस्त्रीला देत होत्या. मात्र फोन कमी झाले होते. फोन केला तर त्या उचलत नव्हत्या, मग कारखान्यात बसून त्या माणसाला स्वतःच प्लंबरचा नंबर शोधावा लागत होता.

मी गल्लीच्या तोंडाशी गेले. सायकलवाल्याने मागे बोट दाखवलं. दार उघडंच होतं. खिडकीपाशी टेबल, पूर्ण टेबल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त पुस्तकं. कोपऱ्यात प्रेस, चाक परत डोक्यावर. वहिनी शिवत होत्या. मी दारातूनच सुरू केलं की वहिनी, माझी किल्ली आत राहिली, तुमच्याकडे चुकूनमाकून एखादी जादा राहिलीय का.

“थांबा,” त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. “एवढा फर्मा होऊ दे.”

बारा वर्षांत या बाईने मला कधी थांबवलं नव्हतं. सुई आत जात होती, बाहेर येत होती, दोरा प्रत्येक वेळी सारख्याच ताणाने ओढला जात होता. करण्यासारखं काही नाही म्हणून मी भिंतीकडे पाहिलं. तिथे तो पुठ्ठा टांगलेला होता. कशाच्या रेघा आहेत हे कळायला मला जरा वेळ लागला. मग मी सात नंबर शोधायला लागले. एका आठवड्यात नऊ. बाकी रेघांपासून वेगळी, अगदी वर, एक दहावी होती. तिच्याभोवती गोल केलेला, शेजारी आधीच्या एका गुरुवारची तारीख.

टाका बांधून झाल्यावर वहिनींनी वर पाहिलं आणि मी काय बघतेय ते त्यांना दिसलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, अगदी कामाची माहिती द्यावी तसं. त्या दिवशी त्या पुस्तकाचे फर्मे ओळीने मांडून शिवायला बसल्या होत्या. चौथा शिवून झाला आणि बेल वाजली. माझं पार्सल. ते आणून टेबलावर ठेवलं, ते नेमकं पाचव्या फर्म्यावर. परत बसल्या तेव्हा समोर दिसला तो सहावा, तो शिवला. संध्याकाळी मी पार्सल न्यायला गेले. एका हाताने भाजी ढवळत त्यांनी ते उचलून मला दिलं, खाली एक फर्मा दिसला, तो उरलेल्या गठ्ठ्यावर ठेवला आणि सकाळी तोच पुढचा म्हणून शिवला गेला. तपासायला घेतलं तेव्हा चार वाजले होते, बाबांच्या औषधाची वेळ.

त्या पार्सलमध्ये चपला होत्या. मला घट्ट झाल्या. मी त्या परत पाठवल्या, आणि परत न्यायला येणाऱ्या माणसाकडे द्यायला म्हणून त्याही वहिनींकडेच ठेवल्या होत्या.

मला फार वाईट वाटलं. एकवीस वर्षं मी वेळेवर कचेरीत पोचले, सकाळच्या सहीला एकदाही उशीर नाही, याचा मला केवढा ताठा, आणि ती प्रत्येक सही कुणाच्या तरी उठण्यावर उभी होती. मी म्हटलं, “वहिनी, तेव्हाच का नाही सांगितलंत? चुकलं माझं. खरंच चुकलं.”

“दार उघडायला मीच जात होते ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकट्याच नव्हतात.” मग त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. “किल्ली नाहीय माझ्याकडे. नऊ परत केल्या, एकही ठेवली नाही. सायकलवाला कुलूपवाल्याला फोन लावून देईल, तो तासाभरात येतो. तोवर तुम्ही थांबणारच आहात?”

मी हो म्हटलं. त्यांनी स्टुलावरचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून मला बसायला जागा केली आणि माझ्या मांडीवर एक बांधून झालेलं पुस्तक ठेवलं. उद्या सकाळी चाळीस आणि हे एक द्यायचंय, म्हणाल्या. चाळीस माझी दोनदा बघून झाली. हे राहिलंय. शिवलेल्या माणसाने स्वतः तपासू नये, डोळा फसतो. हात पुसा आणि पानं बघा.

मी हात पुसले. नवं कापड, जुनी पानं. घडीत आधीच्या शिवणीची भोकं बारीक दिसत होती, पातळ कागद लावून बुजवलेली. मी एकापासून सुरुवात केली. पर्समधला फोन वाजायला लागला, कचेरीतून असणार. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पुढचा पुठ्ठा कापायला घेतला होता. मी फोन बंद केला.

बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट. बोट तिथे जरा थांबलं. मी पान उलटलं.

“पासष्ट आहे,” मी म्हटलं.

“शेवटपर्यंत बघा,” वहिनी म्हणाल्या.